नक्षी चुकते तेव्हा : ल्युपसवरील पुस्तकाची प्रस्तावना

पीटीच्या तासाला एक मुलगी कायम कडुनिंबाखाली जाऊन उभी राहायची. नववीत होती. सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. फेब्रुवारी सरला की मैदान तापायला लागतं, आणि मे महिन्यात ४४ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. "उन्हात चेहरा भाजतो, सर," ती म्हणाली. मी तिचा वर्गशिक्षक, शिवाय विज्ञानाचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आम्ही काय सावलीत वाढलो का गं?" वर्ग हसला. ती मुकाट्याने रांगेत येऊन उभी राहिली.

पुढची दोन वर्षं त्या पोरीच्या दुखण्याला रोज नवं नाव मिळत गेलं. गालांवर लाली आली, तर आजीने ते वांग ठरवलं. केस गळायला लागले, तर बोअरच्या पाण्यावर खापर फुटलं. सकाळी बोटं आखडायची, तर गल्लीने निदान केलं : चिकुनगुनिया. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, त्याला हाडीताप म्हणून काढे झाले. छातीत पाणी झालं तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी पायांवर सूज आली, लघवीला फेस यायला लागला, आणि एका डॉक्टरांनी या सगळ्या तक्रारी पहिल्यांदा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. रक्त आणि लघवी तपासायला गेली. आजाराचं नाव ल्युपस निघालं. नाव कळेपर्यंत मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला होता.

या दोन वर्षांत कुणी मुद्दाम चूक केली नव्हती. वांग असतं, चिकुनगुनिया असतो, टीबी तर आपल्याकडे असतोच. पण एकाच मुलीला हे सगळं एकदम कसं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या मीही नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतं.

मी डॉक्टर नाही. तेव्हा हा आजार मला पहिल्यांदा समजला तो पुस्तकातून नव्हे, तिच्या वडिलांकडून. ते यंत्रमागावर चादरी विणतात. सोलापुरी चादरीवरची वेलबुट्टी जॅकार्डवर निघते. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्याने एकमेकांना जोडलेली असतात, आणि ताण्याचा कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे ती भोकं ठरवतात. आजार समजून घेऊन ते मला म्हणाले, "म्हणजे कार्डात भोक चुकलंय, सर. मग एक चादर बिघडत नाही, त्या कार्डावरच्या सगळ्याच बिघडतात."

याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आपल्या रक्तातल्या बी पेशी अशा कार्डांसारख्या असतात. कोणत्या परक्यावर कोणतं प्रतिपिंड बनवायचं याची नक्षी त्यांच्यात कोरलेली असते. ल्युपसमध्ये काही कार्डं आपल्याच पेशींच्या केंद्रकाला, आपल्याच डीएनएला परका मानून प्रतिपिंडं विणत सुटतात. ती जिथे साचतात तिथे दाह होतो : कातडीत, सांध्यांत, फुप्फुसाच्या आवरणात, मेंदूत, आणि सर्वांत घातक म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत. म्हणून हा एक आजार दहा आजारांची सोंगं घेतो.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचके तोडल्यासारखे दिसतात, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं. त्या काळी त्वचेच्या क्षयालाही ल्युपसच म्हणत, म्हणजे टीबीशी गफलत नावापासूनच आहे. आज आपण ज्या लालीकडे बोट दाखवतो ती फुलपाखरासारखी असते. दोन्ही गालांवर पंख, नाकावर धड. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मात्र कोरी राहते. हा आजार कातडीपुरता नाही, आतले अवयवही पोखरतो, हे व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोझी यांनी १८७२ मध्ये मांडलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत माल्कम हारग्रेव्हज यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी सापडली; दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली. शरीर स्वतःलाच खातं आहे याचा तो डोळ्यांनी दिसणारा पहिला पुरावा. दशकभरात एएनए ही रक्ताची तपासणी आली. आजही संशयाची पहिली पायरी तीच आहे. पण एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस, असं मात्र नाही. धडधाकट माणसांतही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. हा फरक न कळल्याने काही घरांत उगाच रडारड होते, म्हणून त्यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

हा आजार किती जणांना आहे? दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात डॉ. ए. एन. मलाविया आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, लाखामागे ३.२ रुग्ण. अमेरिकेतल्या नोंदवह्यांवरून तिथला आकडा लाखामागे ७३ च्या घरात येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख. पहिला आकडा धरला तर जिल्ह्यात जेमतेम १४० रुग्ण. दुसरा धरला तर तीन हजारांच्या वर. वंश, हवापाणी, तपासणीची सोय यांनी फरक पडतो, तो धरूनही खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. आणि जे मोजले गेले नाहीत ते कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकड्यावर सांधेदुखी किंवा ताप या नावाने बसलेले असणार.

मोजायचं कसं, याचा धडा आपल्याच रस्त्यावर आहे. पुण्याला जाताना भिगवण लागतं. आपण तिथे मासे खायला थांबतो, हिवाळ्यात उजनीचे रोहित पक्षी बघतो. याच गावात १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपकॉर्ड पद्धतीने घरोघर जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची मोजणी केली. चार हजारांवर प्रौढांना प्रश्न विचारले गेले. रुग्ण दारात येण्याची वाट न बघता त्याच्या दारात जायचं, एवढीच त्यातली युक्ती होती. अलीकडे देशातल्या दहा केंद्रांनी मिळून ल्युपसच्या नव्या रुग्णांची 'इन्स्पायर' नावाची नोंदमालिका सुरू केली आहे. तिच्यामुळे भारतीय रुग्णांविषयी बोलताना परदेशी आकड्यांच्या कुबड्या हळूहळू कमी लागतील. मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. पश्चिम भारतातल्या ल्युपस रुग्णांच्या रक्तात कोणती प्रतिपिंडं सापडतात यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं आहे. याच आवारातल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिकले आणि तिथून पुढे चीनला गेले. सोलापूर ते परळ ही वाट जुनी आहे. आज ती रात्रीच्या गाडीने तिकडे निघालेल्या रुग्णांची झाली आहे.

आता संशोधनाकडे. या आजारात दर दहा रुग्णांमागे नऊ बायका असतात, आणि त्याही ऐन उमेदीच्या वयातल्या. असं का, याचं उत्तर आता कुठे हाताशी येऊ लागलं आहे. स्पेनमधल्या एका मुलीला सातव्या वर्षीच ल्युपस झाला होता. तिच्या टीएलआर-७ या जनुकात एकाच अक्षराची चूक होती, आणि तेवढ्या चुकीने आजार होतो, हे कारोला विनुएसा यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवून दिलं. विषाणू आत शिरला की हे जनुक धोक्याची सूचना देतं. मुलीच्या जनुकात ती सूचना विषाणू नसतानाही वाजत राहायची. आणि हे जनुक बसलेलं असतं एक्स गुणसूत्रावर, ज्याच्या बायकांकडे दोन प्रती असतात. त्यातली एक प्रत गप्प करण्याचं काम झिस्ट नावाचा रेणू करतो. हा रेणूच प्रतिकारशक्तीला चिथावू शकतो, असं स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने २०२४ मध्ये उंदरांवर दाखवलं. २०२५ च्या अखेरीस त्याच विद्यापीठातून आणखी एक धागा पुढे आला. बहुतेक प्रौढांच्या अंगात निमूट राहणारा एपस्टाइन-बार विषाणू काही बी पेशींत शिरतो आणि त्यांना फितवतो, असा तो निष्कर्ष. इतरांनी तो पडताळून पाहायचा आहे. पण या तिन्ही गोष्टींचा एक अर्थ आजच निघतो. बाईच्या अंगात हा आजार तिच्या वागण्याने येत नाही. पत्रिकेने नाही, पथ्य मोडल्याने नाही, उष्टंखरकटं खाल्ल्याने नाही. ज्या घरात सुनेच्या दुखण्याचा हिशोब तिच्या माहेराकडून मागितला जातो, तिथे हे एक वाक्य जोरात वाचून दाखवावं.

औषधांची गोष्ट आणखी मजेदार आहे, कारण यातलं सगळ्यात कामाचं औषध सगळ्यात जुन्यांपैकी आहे. लंडनच्या जोसेफ पेन यांनी १८९४ मध्ये ल्युपसवर क्विनाइन वापरलं. हिवतापाचं, सिंकोनाच्या सालीतलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापावरच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा काहींची पुरळ आणि सांधेदुखी ओसरली. त्या सुतावरून पुढे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आलं, आणि १९५५ पासून ते वापरात आहे. ते नेमकं काय करतं? पेशीच्या आत जाऊन टीएलआर-७ ची ती खोटी सूचनाच मंद करतं. म्हणजे २०२२ च्या शोधाने जे कुलूप दाखवलं, त्याची किल्ली डॉक्टरांच्या खिशात सत्तर वर्षं होती. एका चहाच्या पैशांच्या आसपास मिळणारी ही गोळी आजार उलटण्याचं प्रमाण कमी करते आणि गरोदरपणातही चालू ठेवायची असते. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासायचा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मार्च २०२० मध्ये ही गोळी करोनावर चालते अशी हूल उठली आणि बाजारातून ती दिसेनाशी झाली. जी माणसं तिच्यावर जगत होती, ती औषधाच्या दुकानांतून रिकाम्या हाताने परतली. त्याच जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत करोनावर तिचा उपयोग नाही हे स्पष्ट झालं.

दुसरं जुनं औषध स्टिरॉइड. १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि मरणाच्या दारातले रुग्ण उठून बसले. पण स्टिरॉइड म्हणजे सगळा मागच बंद करणं. चुकीची नक्षी थांबते, आणि बरोबरचीही. वर्षानुवर्षं मोठा डोस चालला की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. म्हणून आता रोजचा डोस ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचा, जमलं तर बंद करायचा, असा युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा आग्रह आहे. सायक्लोफॉस्फमाइड, मायकोफिनोलेट या औषधांनी मूत्रपिंडं वाचवली. १९५० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षं निम्मेच रुग्ण काढत, आज नव्वद टक्क्यांहून अधिक काढतात. यातलं श्रेय बव्हंशी या जुन्या औषधांचं, डायलिसिसचं आणि लवकर निदानाचं आहे.

नव्या पिढीची औषधं अख्खा माग थांबवत नाहीत, त्याचा एखादा भाग पकडतात. बेलिमुमॅब हे बी पेशींना जगवणारा निरोप अडवतं. त्याला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ल्युपससाठी अर्धशतकाहून अधिक काळात आलेलं ते पहिलं नवं औषध. २०२१ मध्ये मूत्रपिंडाच्या ल्युपससाठी व्होक्लोस्पोरिन आणि त्याच वर्षी अॅनिफ्रोलुमॅब आलं. हे शेवटचं समजायला सोलापूरकराला सोपं जावं. गिरणीचा भोंगा वाजला की सगळे कामाला धावत. ल्युपसमध्ये इंटरफेरॉन नावाचा भोंगा रात्रंदिवस वाजत राहतो. हे औषध तो ऐकणारे कान झाकतं. त्याने नागीण उठण्याचा धोका थोडा वाढतो, तेही लक्षात ठेवायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओबिनुटुझुमॅबला मूत्रपिंडाच्या ल्युपससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत ७६ आठवड्यांनंतर ४६ टक्के रुग्णांचं मूत्रपिंड पूर्ण सावरलं, नुसत्या नेहमीच्या औषधांवर ३३ टक्क्यांचं. बातमीत याला क्रांती म्हणतील. आपण शांतपणे वाचावं : शंभरात तेरा जणांचा जास्तीचा फायदा, आणि निम्म्याहून अधिक जण अजून पूर्ण सावरलेले नाहीत. शिवाय ही औषधं जुन्या औषधांच्या जागी दिलेली नव्हती, त्यांच्या जोडीला दिलेली होती. आपल्याकडे परवडण्याच्या बाबतीत वेगळा मार्ग निघाला. मोठ्या चाचण्यांत रिटुक्सिमॅब ल्युपसवर अपेक्षेइतकं ठरलं नाही, तरी अडलेल्या रुग्णांत डॉक्टर ते वापरतात. त्याची भारतीय आवृत्ती हैदराबादच्या कंपनीने २००७ मध्येच बाजारात आणल्याने ते आवाक्यात आलं.

आणि मग कार-टी. जर्मनीतल्या एरलांगेनला गेऑर्ग शेट यांच्या गटाने २०२१ मध्ये सगळी औषधं थकलेल्या एका वीस वर्षांच्या मुलीवर ही उपचारपद्धती वापरली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, बी पेशी ओळखण्याचं नवं जनुक त्यांच्यात घालायचं आणि त्या परत शरीरात सोडायच्या. त्या सगळ्या बी पेशी संपवतात. म्हणजे कार्डांचा गठ्ठाच मोडीत काढला. साडेतीन-चार महिन्यांनी अस्थिमज्जेने नवी कार्डं पाडली, आणि त्यांच्यात ती चुकीची भोकं नव्हती. २०२४ मध्ये याच गटाने पंधरा रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यातले आठ ल्युपसचे होते. आठही जण औषधाविना शांत होते. पंधरा हा आकडा लहान आहे, वर्षं थोडी आहेत, धोके खरे आहेत. तरीही एक गोष्ट पहिल्यांदा सिद्ध झाली : चुकलेली नक्षी आयुष्यभर दाबून ठेवण्याऐवजी पुसताही येते.

हे काम आपल्यापासून फार दूर नाही. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा रुग्णालयात मिळून भारताची स्वतःची कार-टी उपचारपद्धती तयार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. परदेशात कोट्यवधींचा असलेला खर्च तिने लाखांच्या घरात आणला. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी मंजूर नाही, हे ठळक अक्षरांत लिहितो. कारण उद्या कुणी एजंट 'मुंबईला एका इंजेक्शनात ल्युपस बरा' म्हणून शेत विकायला लावेल.

हे सगळं वाचल्यावर विणकर बाप विचारतो, "यातलं आमच्या पोरीला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. २ जुलै २०१२ ला राज्याची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. पण अशा योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतात. ल्युपस हा रोजच्या गोळ्यांचा, दर तीन महिन्यांच्या तपासण्यांचा, बुडालेल्या रोजाचा आजार आहे. त्याचा खर्च थेंबाथेंबाने होतो आणि कुठल्याच पावतीत पूर्ण दिसत नाही. विडी वळणाऱ्या आईने हजारामागे मिळणाऱ्या मजुरीतून तो भागवायचा असतो.

तरी माझं उत्तर 'काहीच नाही' असं नाही. गेल्या पंधरा वर्षांतल्या संशोधनाने जे दिलं, ते जवळजवळ सगळं वेळेवर पोचलेल्या रुग्णासाठी आहे. गेलेली गाळणी कुठलंच औषध परत आणत नाही. उलट, मूत्रपिंड शाबूत असताना पोचलेल्या मुलीला जुनी स्वस्त औषधंही बहुधा पुरतात. तेव्हा नव्या विज्ञानातला आपला आजचा वाटा आहे लवकर ओळखण्याचा. त्याला परवानगी, पेटंट, प्रयोगशाळा लागत नाही. तरुण बाई, महिन्याहून लांबलेला ताप, सकाळी आखडणारे सांधे, उन्हाने पेटणारी लाली, तोंडातले न दुखणारे व्रण, गळणारे केस : यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की संधिवाततज्ज्ञांकडे पाठवायचं. हे आशाताईला कळलं पाहिजे, गल्लीतल्या डॉक्टरांना कळलं पाहिजे, आणि वर्गशिक्षकाला तर कळलंच पाहिजे.

पुस्तकाचे चार भाग आहेत : ओळख, तपासण्या, औषधं आणि जगणं. शेवटच्या भागात लग्न, बाळंतपण आणि काम यांवर मोकळेपणाने लिहिलं आहे. आजार किमान सहा महिने शांत असला आणि औषधं आधी बदलून घेतली, तर ल्युपस असलेल्या बहुतेक बायकांना सुखरूप मूल होतं. लग्न ठरवताना आजार लपवण्यापेक्षा सांगावा. पुस्तक वाचून कुणी स्वतः डोस ठरवू नये, एवढी विनंती.

कच्चा मजकूर मी माझ्या त्याच विद्यार्थिनीला वाचायला दिला. आता ती तिशीत आहे, हिशोबाचं काम करते, सकाळी नऊच्या आत कार्यालयात पोचते आणि उन्हं उतरल्यावर निघते. तिने दोन बदल सुचवले. 'आजाराशी झुंज' हे शब्द तिने सगळीकडून खोडले. "झुंज कसली, सर? गोळी घ्यायची आणि कामाला जायचं." दुसरं, लघवीच्या तपासणीचं प्रकरण मी नवव्या क्रमांकावर ठेवलं होतं. मूत्रपिंड बिघडताना दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जायला लागतात, ती थोड्या पैशांच्या साध्या तपासणीत दिसतात, अगदी तालुक्यालाही. ती म्हणाली, हे पान आधी घ्या, बाकी वाचायला लोकांना वेळ मिळो न मिळो.

पान उलटा. पहिलं प्रकरण तेच आहे.

सोलापूर
मकरसंक्रांत, २०२६